जपानहून आलेली लाल चवळी

लाल चवळीला मोड आलेले दिसले की मला जपानहून आलेली ती पुडी आठवते. नोकरीला गेलेल्या भावानं तिकडचे बारीक लाल दाणे पाठवले होते, अगदी आपल्या चवळीसारखे. आईनं ते भिजवून फडक्यात बांधले, मोड आणले आणि कांदा-लसूण चटणी घालून तर्रीदार उसळ केली. भाऊ फोनवर हसला, "आई, हितं ह्याचं साखर घालून गोड करत्यात." आईनं उरलेले मूठभर दाणे मुद्दाम गुळात शिजवले. एक चमचा खाऊन म्हणाली, "पोरगं तिकडं हे खातंय व्हय?" वाटी मात्र तिनं एकटीनंच संपवली. माझं चव बघायचं राहूनच गेलं. आता मी कधीतरी लाल चवळी गुळात शिजवून बघते. चांगली लागते, पण तिनं वाटी का संपवली, ते त्या चवीवरून कळत न्हाय.