लेकीसाठी नाकारलेली मासळी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण रिटायर झाल्यावर डोक्यातून जात नाही ती एका मासळीवालीची केस. नावं कोणाचीच सांगत नाही.

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या नुकत्या येऊ लागल्या होत्या. नव्या सोसायट्यांतली गिऱ्हाइकं रविवारी मासळीबाजारात गर्दी करायची. माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिला डोहाळे लागले ते बोय माशाचे. आमची मासळीवाली ठरलेली. एरवी नको म्हटलं तरी पिशवीत कोंबणारी बाई त्या दिवशी हळूच म्हणाली, "लेकीला ही नका नेऊ, साहेब." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीच बोय कापून दिली.

पोलिसाला एवढं पुरे होतं. दुपारी तिला चौकीवर बोलावलं, चहा दिला आणि गप्प बसलो. ज्याला बोलायचंच आहे त्याला प्रश्न विचारायचे नसतात. तिने सांगितलं, माल तिच्या माहेरच्या खाडीचा. काठावर कारखाने. डॉक्टरांनी गावातल्या बायकांचं रक्त तपासलं, पोटातल्या बाळाला धोका आहे म्हणाले, तेव्हापासून गाव गरोदर बाईला ही मासळी देत नाही. घाऊक व्यापारी तीच स्वस्तात उचलून इथे आणतो आणि विकणाऱ्यांना बजावतो, खाडीची म्हणू नका, समुद्राची म्हणा.

अन्न खात्याच्या निरीक्षकांना घेऊन टेम्पो पकडला. पंचांसमोर नमुने सील करून बर्फात पाठवले. अहवालात पारा आणि शिसं प्रमाणाबाहेर निघालं. व्यापारी चौकशीत निर्लज्जासारखा हसला. म्हणाला, पारा काय मला डोळ्यांनी दिसतो? त्याला सगळं माहीत होतं हे सांगायला तयार होईल अशी साक्षीदार एकच. ती घाबरत होती. तुम्हाला काही होणार नाही, मी आहे, असं मीच तिला सांगितलं.

केस रखडत रखडत उभी राहिली. व्यापाऱ्याच्या वकिलाने तिला विचारलं, "माहीत होतं, तरी विकलीत?"

"विकली," ती म्हणाली.

संपलं. अशा बाईचा शब्द कोर्टाने धरला नाही. व्यापारी सुटला आणि महिन्याभरात धंद्याला लागला. हिची गिऱ्हाइकं तुटली, गाळा गेला. मला संताप आला, पण खरं सांगायचं तर थकलोही होतो.

निकालानंतर तिच्या घरी गेलो. मला मान वर करवत नव्हती. तिने एका शब्दाने दोष दिला नाही, नातीची चौकशी केली. ठणठणीत आहे, पहिलीत गेली, म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण ज्यांना विकली, त्यांच्या लेकींचं काय झालं असेल हो?"

इतकी वर्षं मी आरोपीमागे धावलो. ज्यांनी ती मासळी खाल्ली त्यांना शोधायला एक शिपाईही पाठवला नव्हता. ते आपलं काम आहे, असं मला वाटलंच नाही.