परतीच्या काउंटरवरच्या लताताई

कुणी ओरडत आलं की लताताई आधी पाणी द्यायच्या. काउंटरखाली त्यांचा स्वतःचा स्टीलचा जग आणि कागदी पेल्यांची चळत असायची. समोरच्याने ओल्या तंबूचं गाठोडं आपटून बोलायला सुरुवात केली, की त्या वाकून एक पेला भरायच्या, त्याच्यापुढे सरकवायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. माणूस तहानलेला नसायचा. पण समोर ठेवलेला पेला बहुतेकांना उचलावाच लागे, आणि पाणी पिताना ओरडता येत नाही. "राग पाहुणा असतो गं," त्या मला म्हणायच्या. "दारातच अडवला तर दारातच भांडतो. बसवला, पाणी दिलं, की लवकर उठतो."

आमचं दुकान क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातलं. शिकारीचं, मासेमारीचं आणि डोंगरात भटकण्याचं सामान विकणारं, गोदामाएवढं अवाढव्य. भिंतीवर पेंढा भरलेली हरणांची मुंडकी, खाली सिमेंटची गार फरशी, आणि दिवसभर डोक्यावर पांढऱ्या दिव्यांचा उजेड. काउंटरवर 'ग्राहक सेवा' अशी पाटी होती, पण सेवा मागायला तिथं कुणी येत नसे. लोक यायचे ते वस्तू परत करायला. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागोमाग मी पुण्याहून आलेली. शिक्षिका म्हणून नोंदणी होईपर्यंत तात्पुरतं काहीतरी हवं, म्हणून ही नोकरी धरलेली. ते तात्पुरतं पुढे बरंच लांबलं, आणि त्यातला बराचसा काळ मी लताताईंच्या शेजारी उभी राहून काढला.

त्या अंबरनाथच्या. तिथं वीज मंडळाच्या तक्रार खिडकीमागे त्यांची अर्धी नोकरी गेली होती. भूकंपानंतर हे शहर पुन्हा उभं राहत होतं तेव्हा त्यांच्या नवऱ्याला, मिलिंदरावांना, इथं इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून काम मिळालं आणि त्या आल्या. "तिथं बिल जास्त आलं म्हणून ओरडायचे, इथं हरीण दिसलं नाही म्हणून ओरडतात," त्या म्हणायच्या. "खिडकी तीच आहे. फक्त गज काढलेत."

आडनाव वाघमारे. छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं 'लता' असलं तरी काही जुने शिकारी गप्पांच्या ओघात पूर्ण नाव विचारायचे आणि त्याचा अर्थ कळल्यावर फार खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, हिच्या खापरपणजोबांनी खरंच वाघ मारला असणार. लताताईंनी उभ्या आयुष्यात झुरळही मारलं नव्हतं. घरी ढेकूण झाले तेव्हासुद्धा गादी उन्हात टाकून त्या आत निघून गेल्या होत्या, हे मिलिंदरावांनीच मला सांगितलं. रोज सकाळी बुद्धवंदना म्हणून, डब्यात भाजी-भाकरी घेऊन ही बाई बंदुकांच्या दुकानात यायची. मी एकदा विचारलं, तुम्हाला चालतं हे? त्या म्हणाल्या, "पंचशील मी घेतलंय, दुकानानं नाही. आणि मी विकत नाही, परत घेते."

परत काय काय यायचं ते सांगून खरं वाटणार नाही. मार्च-एप्रिलात इथं नर हरणं माजावर येऊन डोंगर घुमवतात, तेव्हा शिकारी झुंडीनं रानात जातात. ते उतरले की आठवडाभर आमच्यापुढे रांग. सगळा हंगाम अंगावर घातलेली गरम अंतर्वस्त्रं 'साइज बसत नाही' म्हणून यायची. एकाच्या तंबूत सॉसेज निघाले होते. दुर्बिणीतून काही दिसलं नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या एकाला लताताईंनी दुर्बीण साफ करून दिली आणि म्हणाल्या, "आता बघा. नसलेलं दिसणार नाही, पण असलेलं दिसेल." तो हसला आणि दुर्बीण घेऊन गेला. सगळेच हसत नसत. एक जण माझ्याकडे मान वळवून म्हणाला होता, "इथं इंग्रजी बोलणारं कुणी आहे का?" मी तोंड उघडायच्या आत लताताई शांतपणे म्हणाल्या, "मी तेच बोलतेय. तुम्ही ऐकायला सुरुवात करा." आणि पेला सरकवला.

हे ऐकायला छान वाटतं. रोज करायला छान नसतं. दुपारनंतर त्यांचे पाय सुजायचे. जाड मोजे घालून त्या कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकत उभ्या असायच्या. आम्ही दोघी रोल्स्टनला राहायचो, म्हणून येता-जाता त्या माझ्याच गाडीत. परतताना बहुतेक वेळा कुणीच काही बोलायचं नाही. दिवसभरात इतकं ऐकलेलं असायचं, की रेडिओसुद्धा नकोसा व्हायचा.

जुलैतली एक दुपार मला स्पष्ट आठवते. थंडी, बाहेर बारीक पाऊस, दुकान जवळजवळ रिकामं. साठीचा एक उंच माणूस ट्रॉली ढकलत आला. त्यानं एकेक वस्तू काउंटरवर मांडली: तंबू, झोपायची पिशवी, छोटी शेगडी, बूट. सगळं कोरं, लेबलंसुद्धा काढलेली नव्हती. लताताईंनी कारण विचारलं. "लागणार नाही," तो म्हणाला. आवाज चढलेला नाही, तक्रार नाही, घाई नाही. नाव वॉरन. पैसे त्याच्या कार्डावर परत गेले, ते त्यानं बघितलंही नाही.

मग तो म्हणाला, "काडतुसांचं एक खोकं द्या."

आठवड्याच्या मधल्या दिवशी माणसं कमी असायची, म्हणून काडतुसांच्या कपाटाची किल्ली आमच्याच काउंटरवर होती. त्यानं परवाना पुढे ठेवला. परवाना चोख होता. मी किल्लीकडे हात नेला, तर लताताईंनी ती उचलून स्वतःच्या मुठीत धरली.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"तंबू परत केलात. बूट परत केलेत. मग जाणार कुठं आहात?"

पहिल्यांदाच त्याचा चेहरा लाल झाला. "हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही."

"नसेल," लताताई म्हणाल्या. "पण विचारलं खरं."

त्यानं मॅनेजरला बोलवायला सांगितलं. आमचा मॅनेजर ब्रेंट, पस्तिशीचा, सगळ्याला 'स्वीट ॲज', म्हणजे 'झकास', म्हणणारा, भांडणं टाळणारा. त्यानं परवाना बघितला आणि हळूच म्हणाला, "लता, सगळं कायदेशीर आहे. नाही म्हणता येणार नाही."

लताताईंनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "ही घे. मी देणार नाही. तुला द्यायचं तर दे, पण आधी त्यांच्याकडे एकदा नीट बघ."

ब्रेंटनं बघितलं. त्याला काय दिसलं ते मला माहीत नाही. पण किल्ली खिशात घालून तो वॉरनला म्हणाला, "मेट, आज हे कपाट उघडत नाही आपण. चल, चहा घेऊ."

वॉरन निघून जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. दोन्ही हात काउंटरवर टेकून खाली मान घालून उभा राहिला. लताताई काउंटरला वळसा घालून बाहेर आल्या. जवळच कॅम्पिंगच्या खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या, विकायच्या. त्यातल्या एका खुर्चीत त्यांनी त्याला बसवलं आणि शेजारच्या खुर्चीत स्वतः बसल्या. कामाच्या वेळात त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"घरी कोण आहे?"

"कुणी नाही."

"फोन कुणाला करू?"

त्यानं उत्तर द्यायला फार वेळ घेतला. लताताईंनी पुन्हा विचारलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. शेवटी त्यानं बहिणीचा नंबर सांगितला. बहीण ॲशबर्टनला, म्हणजे गाडीनं तासाभरावर. ती निघाली. ती येईपर्यंत लताताई त्याच्या शेजारून हलल्या नाहीत. मधेच तीन-चार गिऱ्हाइकं आली, रांग लागली, मी एकटी ती सांभाळत होते. त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी कानावर यायचं. तो एका लहानशा गावात राहायचा, आयुष्यभर ट्रक चालवत होता. शिकारीला भावाबरोबर जायचा. भाऊ गेल्या उन्हाळ्यात वारला. तंबू दोघांसाठी घेतलेला. लताताई त्याला समजावत नव्हत्या. मधे एकदा त्यांनी अंबरनाथच्या खिडकीवरच्या एका म्हातारबांची गोष्ट सांगितली, जे घरी वीज असतानाही रोज वीज गेल्याची तक्रार करायला यायचे. वॉरननं विचारलं, "का?" त्या म्हणाल्या, "बोलायला. आम्ही रोज लिहून घ्यायचो."

बहीण आली. रेनकोटही न काढता तिनं त्याच्या खांद्याला धरलं आणि आम्हाला म्हणाली, "पुढचं मी बघते." दोघं गेले. लताताई खुर्चीतून उठताना दोनदा खाली बसल्या. मग उठल्या आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला इथल्या पद्धतीनं नमस्कार करत म्हणाल्या, "किया ओरा. काय परत करायचंय?"

आठवड्याभरात हेड ऑफिसकडून ब्रेंटला निरोप आला. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी इंटरनेटवर दुकानाला एकच तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, की एक वयस्कर भारतीय बाई विकायच्या खुर्चीत बसून आपल्या मित्राशी तासभर गप्पा मारत होती आणि आम्ही तिष्ठत उभे होतो. लताताईंनी खुलासा द्यावा, असं हेड ऑफिसचं म्हणणं होतं.

ब्रेंट म्हणाला, "मी खरं काय ते लिहितो."

"नको," लताताई म्हणाल्या.

"अगं पण तुझ्यावर येतंय ते."

"येऊ दे. गोष्ट त्याची आहे. माझ्या सफाईसाठी ती वापरायची नाही. त्याचं गाव लहान आहे."

त्या दिवशी गाडीत मी चिडून बरंच बोलले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मानसी, त्या रांगेतल्या माणसानं खोटं काय लिहिलं? तो उभाच होता ना तासभर?"

शिक्षा म्हणून त्यांना ग्राहक सेवेचं ऑनलाइन प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागलं. स्टाफरूममधल्या संगणकासमोर बसून, चष्मा सावरत त्यांनी हसऱ्या मुलीचे व्हिडिओ पाहिले आणि प्रश्नांची उत्तरं दिली. 'ग्राहकाशी बोलताना सर्वांत महत्त्वाचं काय?' याला पर्याय होते: हसणं, वेग, नजरेला नजर. त्या मला म्हणाल्या, "यात ऐकणं कुठंच नाही गं." मग त्यांनी हसण्यावर टिचकी मारली आणि पास झाल्या.

वॉरनचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. बहिणीचा फोन आला नाही. यायला हवा होता असंही नाही. पण मला ते लागून राहिलं होतं. लताताई त्याचं नाव काढत नसत, फक्त उंच कुणी दारातून आत आलं की त्यांचा हात क्षणभर थांबायचा.

सप्टेंबरात तो आला. या दिवसांत इथं नदीच्या मुखाशी व्हाइटबेट म्हणतात ते बोटभर मासे पकडायला लोक जाळी घेऊन बसतात. त्यानं मांडणीवरून तसलंच एक लांब दांड्याचं जाळं उचललं आणि दुसरे काउंटर मोकळे असताना आमच्याकडे आला. किंचित जाड झाला होता. दाढी केलेली होती. लताताईंकडे त्यानं धड बघितलंही नाही. "बाहेर वारा फार आहे," म्हणाला. "हो, फार आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी जाळं स्कॅन केलं, त्यानं कार्ड टेकवलं.

"पावती ठेवा," लताताई सवयीनं म्हणाल्या. "परत करायचं झालं तर लागते."

"नको," तो म्हणाला. "परत नाही करणार."

आणि जाळं खांद्यावर टाकून गेला. दारात ते दांड्याचं टोक अडकलं, त्यानं सोडवलं आणि गेला. मी लताताईंकडे बघितलं. त्या पावतीच्या कागदाची घडी घालत होत्या. परतताना गाडीत त्या काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. रोल्स्टन आलं तेव्हा म्हणाल्या, "आज पाय जरा कमी दुखतायत."

पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. गुडघे ऐकेनात, आणि पोरिरुआला त्यांची मुलगी बाळंत होणार होती. मिलिंदराव निवृत्त झालेच होते, त्यामुळे दोघांनी तिकडेच जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये केक आला. ब्रेंटनं भाषण केलं. वाघमारे हे नाव त्यानं आदल्या दिवशी माझ्याकडून शिकून घेतलं होतं आणि तरीही ते चुकीचं उच्चारलं. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, की लतानं मला माणसाकडे बघायला शिकवलं. बाकीच्यांना ते नुसतं बोलण्यापुरतं वाटलं असेल. लताताईंनी केक चमच्यानं थोडा उकरला, सगळ्यांशी हात मिळवले, आणि शिफ्टचा अर्धा तास उरला होता म्हणून पुन्हा काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. एका बाईचे गळके गमबूट त्यांनी परत घेतले. ते त्यांचं शेवटचं काम.

गाडीत बसल्यावर त्यांनी बूट काढले. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. माझी शाळेतली नोकरी आता नक्की झाली होती. वर्गात मूल चिडलं की मी काय करणार आहे, हे त्यांना सांगावं असं दिवसभर मनात होतं. हमरस्त्याला लागल्यावर मी सुरुवात केली. दोन वाक्यं बोलले असेन, तेव्हा लक्षात आलं की त्यांची मान खिडकीकडे कलली आहे. झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे पडलेले. इतक्या वर्षांत त्या माझ्या गाडीत कधी झोपल्या नव्हत्या.

त्यांच्या घरासमोर मी गाडी हळू केली. आत दिवा लागलेला होता, मिलिंदराव वाट बघत असणार. पण उठवायचं जिवावर आलं. मी गाडी थांबवली नाही. कोपऱ्यावरून वळून मोकळ्या कुरणांकडे जाणारा लांबचा रस्ता धरला आणि सावकाश चालवत राहिले.