शिकलगार मास्तरांची बारा पावलांची रेघ

खडूच्या पेटीत तळाला तुकडे साठतात ना, तसे मास्तराकडे किस्से साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही. एक दिवस पेटी उलटी केली की भसाभस बाहेर पडतात! परवा आम्ही दोघं-तिघं म्हातारे मास्तर चहाला बसलो आणि विषय निघाला शिकलगार मास्तरांचा. मग काय, चहा तीनदा गरम करावा लागला.

लढाईची वर्षं होती ती. कृष्णाकाठच्या आमच्या मराठी शाळेत मी नवाच लागलो होतो. हेडमास्तर होते दीक्षित, वाईचे. पावकी, निमकी, पाउणकी, सगळी कोष्टकं झोपेतून उठवलं तरी न अडखळता म्हणणारे. आणि चौथीला होते शिकलगार मास्तर. घरचा धंदा विळे-कुऱ्हाडींना धार लावायचा. ते म्हणायचे, "आमचा बा लोखंडाला धार लावायचा, मी पोरांना लावतो. लोखंड बरं, ते 'समजलं' म्हणून खोटं बोलत न्हाई!"

*

चौथीत अपूर्णांकांची बेरीज आली की वर्गाचं एकच उत्तर. अर्धा अधिक एक तृतीयांश? वरचे वरच्यात, खालचे खालच्यात. दोन पंचमांश! बंडा माने तर हे उत्तर इतक्या मोठ्यानं द्यायचा की शेजारच्या वर्गातली पोरंही तेच लिहायची.

समजावून झालं, रागावून झालं. कागद मिळत नव्हता, खडू जपून वापरायचा हुकूम होता. एक दिवस शिकलगार मास्तर उठले, चुन्याच्या फक्कीनं भरलेली पाटी घेतली आणि शाळेच्या पायरीपासून आवारात सरळ पांढरी रेघ मारली. पायरीपाशी शून्य. तिथून स्वतःच्या बारा पावलांवर एक, मधे दर पावलाला खूण.

"बंडा, ह्या शून्यापासनं एकापतुर बारा पावलं. अर्ध्यावर जा."

बंडानं सहा खुणा मोजल्या, उभा राहिला.

"आता एक तृतीयांश आनि पुढं."

बारांचा तिसरा भाग चार. बंडा चार खुणा पुढं गेला. दहावर उभा.

"आता तुझं उत्तर बघू. दोन पंचमांश कुठं येतंय?"

पोरांनी शून्यापासून एकापर्यंत सुतळी ताणली, तिच्या पाच सारख्या घड्या केल्या, त्यातल्या दोन रेघेवर ठेवल्या. सुतळीचं टोक पाचव्या खुणेलाही पोचलं नाही!

बंडानं दहावरून मागं वळून त्या टोकाकडं बघितलं. पुन्हा आपल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाला,

"मास्तर, मी सारखा पुढंच चाललो की वो! मग माघारी कसा आलो?"

त्या दिवसापासून चौथीत दोन पंचमांश हे उत्तर कुणी दिलं नाही. दिलं, तर अख्खा वर्ग ओरडायचा, "माघारी आला, माघारी आला!"

*

दीक्षित हेडमास्तरांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "शिकलगार, ही शाळा आहे की हुतूतूचं मैदान? कोष्टकं पाठ झाली की अपूर्णांक आपोआप येतात."

"येत्यात की," शिकलगार म्हणायचे, "पन जाताना सांगून जात न्हाईत!"

आठवडाभरानं मी चार वाजता शाळा सुटल्यावर विसरलेली छत्री घ्यायला परत आलो. आवारात कुणी नव्हतं. फक्त दीक्षित सर. धोतराचा सोगा हातात धरून रेघेवरून चाललेले. आठ खुणा गेले. थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं. आणखी दोन खुणा गेले, आणि एकदम त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू!

दोन तृतीयांश अधिक एक षष्ठांश. मी मनातल्या मनात करून पाहिलं, बरोबर दहाच येतात!

"सर, काय चाललंय?" मी विचारलं.

सोगा झटकन खाली सोडून ते म्हणाले, "काही नाही. दुपारचं जेवण जरा जड झालंय."

पुढं बरेच दिवस त्यांना जेवण जड होत राहिलं.

*

एकदा मास्तरांनी चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक अपूर्णांक, आणि पोरांनी रेघेवर आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं. बंडाला मिळाला एक द्वितीयांश. अन्वरला दोन चतुर्थांश. तिसऱ्या पोराला सहा द्वादशांश. तिघंही पळत सुटले आणि सहाव्या खुणेवर येऊन एकमेकांवर आदळले!

"हो बाजूला! ही जागा माजी हाय!"

"तुजी? चिठ्ठी दाव!"

चिठ्ठ्या दाखवल्या तर तिन्ही निराळ्या. पोरं गोंधळली. दोन म्हणजे एकापेक्षा जास्त, सहा तर त्याहून जास्त. मग जागा एकच कशी? मास्तर मुद्दाम बाजूला सरले. भांडण गळपट्टी धरण्यावर आलं.

तेव्हा पुढं आली हौसा. हवालदार जाधवांची पोरगी. अंगानं काडी, पण आवाज असा की नदीपलीकडून ऐकू यावा.

"येड्यानू, भांडताय कशापाय? ह्या बंडाला त्याची आई बंड्या म्हनती, आजी बंडोपंत म्हनती, आन् मास्तर हजेरीत पांडुरंग म्हनत्यात. म्हनून काय तीन ताटं वाढत्यात का त्याला?"

शिकलगार मास्तरांनी हातातली फक्कीची पाटी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "शिंदे, आजचा धडा हिनं संपवला. घंटा द्या!"

*

या हौसाचे वडील लढाईवरून रजेवर आले. येताच शाळेत हजर. अंगावर गणवेश, पायात बूट, हातात छडी. आवारात उभे राहून गरजले,

"आवं मास्तर, पोरीला सवायकी येत न्हाई, निसती रेघंवर चालती म्हनं! चालायचंच असंल तर घरी म्हशीमागं चालंल की! उद्यापासनं तिचं नाव काढा."

हौसा दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. आमच्या चौथीत पोरी होत्या चारच, त्यात ही सगळ्यांत हुशार.

शिकलगार शांतपणे म्हणाले, "काढतो. पन एक डाव तुमी चालून दावा. ह्या रेघंवर पाऊण कुठं येतं तेवढं सांगा. शून्यापासनं एक हाय बारा पावलं."

"त्यात काय हाय!" हवालदारांना हिशेब लगेच आला. बारांचं पाऊण, नऊ. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट करत नऊ पावलं गेले आणि टाच आपटून थांबले. खाली बघितलं तर जवळजवळ एकावरच! पलटणीचं लांब पाऊल ते. मास्तरांचं पाऊल आखूड.

"रेघ खोटी हाय तुमची!"

हौसा दारातून धावत आली.

"आबा, रेघ खरी हाय. तुमचं पाऊल निराळं! एक मोजला मास्तरांच्या पावलानं, आन् पाऊण मोजलासा तुमच्या. जमंल कसं? दोनी एकाच पावलानं मोजाय पायजेत."

हवालदारांनी एकदा रेघेकडं, एकदा आपल्या बुटांकडं बघितलं. मग परत शून्यावर गेले. स्वतःच्या पावलांनी नवी बारा मोजली, तिथं छडी रोवली. मागं येऊन नऊ चालले आणि थांबले. छडीपर्यंत राहिलेलं अंतर डोळ्यांनी मोजलं. पाव. बरोबर पाव!

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "पंधरा वरसं जवानांची पावलं सारखी करत आलो. बेरीज करायची म्हंजे आधी पाऊल सारखं पायजे, हे आज पोरीनं शिकवलं."

आणि टाच जुळवून पोरीला खाडकन सॅल्यूट ठोकला! नाव काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. रजा संपेपर्यंत हवालदार रोज दहाला शाळेत यायचे. चौथीच्या खिडकीबाहेर बसून म्हणायचे, "मी बी ऐकतो. माजं तवा लय राहिलं."

*

हिवाळ्यात चौथीची सहल मिरजेला निघाली. ताकारीला गाडीत बसलो. पोरांना जंक्शन बघायचं होतं, इंजिनं बघायची होती. ती बघून झाली आणि शिकलगार मास्तर आम्हाला घेऊन गेले सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत. तिथं त्यांचे लांबचे चाचा होते. दुकानभर भोपळे टांगलेले, लाकडाचा आणि लाखेचा वास.

मास्तरांनी एक सतार मागितली. तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला, दोऱ्याची मधोमध घडी केली आणि चाचांना म्हणाले, "हितं बोट ठेवून वाजवा."

चाचांनी आधी मोकळी तार वाजवली, तो खालचा सा. आता वाजला वरचा सा! पोरांचे डोळे मोठे झाले.

मग दोऱ्याच्या चार घड्या. त्यातल्या दोन मोजल्या. बोट पुन्हा तिथंच, सूर पुन्हा तोच. आठ घड्या, त्यातल्या चार. पुन्हा तोच वरचा सा!

बंडा माने ओरडला, "मास्तर, नावं बदलली तरी आवाज बदलत न्हाई!"

चाचांना गंमत वाटू लागली. त्यांनी पंचम वाजवून दाखवला आणि पोरांना विचारलं, "बोलो, ये कहाँ आया?" हौसानं दोरा घेतला. तारेचा वाजणारा भाग मोजला. घड्या घालून बघितल्या. दोनात जमेना, चारात जमेना. तिनात जमलं!

"दोन तृतीयांश! न्हाईतर चार षष्ठांश म्हना, सूर त्योच."

चाचांनी स्वतः दोरा घेऊन दोनदा तपासलं. चष्मा काढला. शिकलगारांकडं बघून म्हणाले,

"बेटा, आमच्या बापानं कान पकडून शिकवलं ते तू दोरा पकडून शिकवतोस! कान तरी दुखत न्हाईत पोरांचे!"

परतीच्या गाडीत पोरांनी डब्याच्या खिडकीला दोरे बांधले आणि मधल्या स्टेशनावरचे दोन उतारू अपूर्णांक शिकूनच उतरले.

*

आणि आता ते डिपोटीसाहेबांचं.

गावातल्या चौघांनी वर अर्ज केला होता. शिकलगार मास्तर पाढे म्हणवून घेत नाहीत, पोरांना उन्हात चालवतात, त्यांची बदली करावी. पहिली सही बापू पाटलांची. शाळेच्या दक्षिणेला त्यांचंच शाळू जोंधळ्याचं रान, मध्ये कमरेइतका दगडी गडगा. अर्ज गेला आणि डिपोटीसाहेब तपासणीला आले. कोट, टोपी, हातात तोच अर्ज. बदली म्हणजे पार माणच्या दुष्काळी मुलखात जायचं, हे शिकलगारांना माहीत होतं. घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. पण सकाळी त्यांनी नेहमीसारखी रेघ मारली होती.

साहेब म्हणाले, "पाटीवर काही नको. तुमची ती रेघच बघू. तीन चतुर्थांश अधिक पाच षष्ठांश. कोण सांगेल?"

मास्तरांनी रेघेच्या टोकाकडं बघितलं. मीही. कारण रेघ एकावर संपत होती आणि एकाच्या पुढं दोन हातांवर गडगा! उत्तर तर एकाच्या पुढचं!

हौसा उठली. परकर खोचला. शून्यापासून नऊ खुणा चालली. पुढं आणखी दहा जायचं होतं. एक, दोन, तीन, आणि आली एकावर. क्षणभर थांबली. मग गडग्यावर चढली आणि पलीकडं उडी मारून मास्तरांएवढ्या टांगा टाकत शाळवात दिसेनाशी झाली!

दीक्षित सर खुर्चीतून अर्धे उठले. साहेबांनी विचारलं, "मुलगी पळाली काय?"

 शाळू नुसता सळसळत होता. आणि मग पलीकडून तो नदीपार जाणारा आवाज आला,

"सायेब! हितं हाय मी! एक पूर्ण, आन् वर सात-बारा!"

त्यासरशी रानातून बापू पाटील खुरपं घेऊन उगवले. "कुनाचा सातबारा? रान माजं हाय! सातबारा माज्या नावचा हाय!"

"तुमचा न्हवं पाटील, माजा!" हौसा शाळवातून ओरडली. "नऊ आन् दहा एकोणीस. बारा गेली, सात राहिली. सात छेद बारा! इस्वास नसंल तर मोजा!"

साहेबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. कोट सावरत स्वतः गडग्यावर चढले, पलीकडं उतरले, आणि हौसाजवळ जाऊन मास्तरांच्या पावलाएवढं पाऊल टाकत गडग्याकडं परत मोजत आले. पाटीलही मागोमाग मोजत आले. सहाव्या पावलाला गडगा आला, तो ओलांडून टाकलेलं सातवं बरोबर एकावर पडलं.

साहेबांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. जाताना शेरेबुकात लिहिलं, "इयत्ता चौथीचे अपूर्णांक उत्तम. आवार अपुरे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत आलो तर बापू पाटील आणि त्यांची दोन पोरं गडग्याचे दगड उचलून आत रानात रचत होती. एकाच्या जुन्या खुणेपासून मोजून सात पावलं. तेवढा शाळू कापून बाजूला ठेवलेला.

दीक्षित सर हात जोडून पुढं झाले. "पाटील, तुमचे उपकार! पण दिलंच आहे तर आठवं पाऊलही द्या की. पोरांना वळायला जागा होईल."

पाटलांनी हातातला दगड खाली ठेवला.

"आवं हेडमास्तर, आठ कसं दिऊ? पोरीचं बरोबर आलेलं उत्तर चुकंल की!"