पाच पेरांचा शब्द

नांदगाव पेठेतल्या गिरणीत मी लागले, तेव्हा लग्न होऊन रत्नागिरी सोडल्याला दोनच महिने झाले होते. शाळा सातवीतच सुटलेली. माझ्या वाट्याचं विणकामाचं यंत्र इटलीहून आलेलं, जुनं. बिघडलं की पडद्यावर तिकडच्या भाषेतला हातभर लांब शब्द उमटायचा. मोबाईल फाटकावर जमा. खात्यातल्या फोनवरून तो शब्द इंजिनिअरला तोंडी सांगावा लागे. आता आपलं अडाणीपण उघडं पडणार, म्हणून मला घाम फुटायचा.

आमचे फिटर उस्ताद अकोल्याचे. त्यांनी माझा अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर ठेवला.

"काहून घाबरून राहिली? एका पेरावर एकच घास. बोल."

राफ. फ्रेद. दा. मेन. तो. म्हणजे थंड करणं. पंखा बंद पडला होता.

"पाह्य, तू शिकली सात, तुकडे लागले पाच. दोन उरलेच ना तुह्याजवळ!"

मी अडले तरी ते पुढचा तुकडा कधी सांगत नसत. "पेर सोडू नको," एवढंच म्हणत आणि थांबत. माझ्यासाठी इतका वेळ कुणी थांबलं नव्हतं. त्या थांबण्यावरच माझी नोकरी टिकली.

गेल्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. वाचा गेली. रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून मी अकोल्याला गेले. उस्तादांच्या घरच्या, आमच्या चाची, दारातच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणते, तुकडे करून बोलवा. पण आमचं नाव बी येत नाही त्याइच्या तोंडी, बेटी."

मी खाटेशी बसले. त्यांच्या चांगल्या हाताचा अंगठा पहिल्या पेरावर ठेवला.

बऱ्याच वेळानं आवाज आला, "राफ."

चाचींनी पदर तोंडाशी धरला.

"फ्रे..." मग "दा." अंगठा आपोआप चौथ्या पेरावर सरकला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आवाज नाही. डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं.

"सांग ना गं तू," चाची म्हणाल्या.

शब्द माझ्या जिभेवर होता. मी नकारार्थी मान हलवली. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, अंगठा तसाच दाबून धरलेला.

परतीच्या गाडीची वेळ झाली, टळूनही गेली. अंगठा चौथ्या पेरावरच होता. मीही उठले नाही.