पायलीमागे एक शेर कमी

प्राचार्य माझा तास बघायला शेवटच्या बाकावर येऊन बसले. मुरबाडकडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचो. म्हणजे घेतलेल्या तासांचाच पगार, आणि दर वर्षी नेमणूक नव्याने. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही, ते या तासावर ठरणार होतं.

विषय होता बायझंटाइन सम्राट सातवा मायकेल. बायझंटाइन म्हणजे पूर्वेचं रोमन साम्राज्य, राजधानी आजचं इस्तंबूल. सीमेवर तुर्क, घरात बंडखोर सरदार, तिजोरीत खडखडाट. मग सोन्याच्या नाण्यात सोनं कमी आणि हिणकस धातू जास्त. लोकांनी या सम्राटाचं नाव ठेवलं ‘पाव कमी’.

“कारण नाण्यातलं पाव सोनं त्याने काढून घेतलं,” मी ठोकून दिलं.

मंदाताईंनी हात वर केला. चाळिशीच्या बाई, संसार सांभाळून पुन्हा शिकायला आलेल्या. आठवडे बाजारात तांदूळ विकायच्या.

“सर, नाय पटत.”

“काय नाही पटत?”

“सोनं किती ते सोनाराला कळंल. बाजारातल्या बाईला कसं कळंल? आमी माप बघतो. पायलीचे पैसे घेऊन कोणी तीनच शेर घातले, तर आमी बोंबलणार. नाव त्यावरून पडलं असंल.”

चार शेरांची पायली. एक शेर कमी म्हणजे पाव कमीच की! मी वाचलंही होतं तसंच: एका नाण्याला गहू पाव माप कमी मिळू लागला, म्हणून ते नाव. घाईत मी खिचडी केली होती. ‘मी तेच म्हणत होतो’ असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. अगदी जिभेवर आलं होतं.

“ताई, तुमचं बरोबर. मी चुकलो. सगळ्यांनी वहीतलं खोडा.”

“पण गहू इतका कमी का पडला? नुसतं नाणं हलकं म्हणून?” मंदाताईंनी विचारलं.

“नाही. त्याच्या मंत्र्याने सरकारी कोठार काढलं. शेतकऱ्याने तिथेच विकायचं, लोकांनी तिथूनच घ्यायचं, भाव कोठाराचा.”

“मंग गेलाच तो!”

“गेला. गादी सोडून मठात जावं लागलं.”

तास संपल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं.

“अहो, सावरून घ्यायचं होतंत. वर्गासमोर कोणी चूक कबूल करतं का?”

“मुलांनी ती वहीत उतरवली होती, सर.”

त्यांनी शेरा लिहिला, ‘पूर्वतयारी अपुरी’. तो खोटा नव्हता. जूनमध्ये माझी नेमणूक झाली नाही. फार लागलं मनाला. आता शहापुरात एका क्लासमध्ये शिकवतो. तयारी दोनदा करतो, आणि वर्गात बाजारात माल विकणारं कोणी आहे का, ते आधी विचारून घेतो.