हीटर मी धरलाच नव्हता

आमच्या घरात लिहायची सवय कुणालाच नाही. मीसुद्धा प्रॅक्टिकलच्या वह्यांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा हे लिहायला बसलो, हाच आगाऊपणा आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी सांगलीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करतो. आमचं गाव पाटणच्या वर, डोंगरात. गेल्या जानेवारीत ताई सांगलीच्याच दवाखान्यात बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच. बाळ हातात घेतलं तर वजनच लागायचं नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, बाळाला गार लागू द्यायचं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, न्यायला आले. ते फौजेत ड्रायव्हर होते. आता जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊन भाडी मारतात. त्यांनी मला विचारलं, वाटेत कुठं चार्जिंग करावं लागेल का? आबांनी मला असं काही विचारलं की मला अजूनही अवघडल्यासारखं होतं, आणि बरंही वाटतं. मी अंतर मांडलं, चढ धरला, माणसांचं वजन धरलं आणि वहीच्या पानावर लिहून दिलं, फुल चार्जवर घरापर्यंत जाल, थांबायची गरज नाही.

उजाडताना आबा, आई, ताई आणि बाळ निघाले. दहाच्या सुमारास आबांचा फोन आला. पाटण सोडून गाडी चढाला लागली आणि बंद पडली. कराडच्या पुढं बॅटरीचा आकडा झपाझप खाली येत होता. चार्जिंगला लावू या का, म्हणून आईनं दोनदा विचारलं होतं. आबांनी तिला माझा कागद दाखवला होता.

मी विचारलं, "हीटर चालू होता का?"

"व्हय, फुल. बाळंतीण हाय न्हवं गाडीत. कराडात आत्याकडं थांबलो, तवाबी चालूच ठिवला." मग म्हणाले, "का रं? हीटरला काय लागतंय?"

आबांनी जन्मभर इंजिनच्या गाड्या चालवल्या. तिथं इंजिन तापलेलंच असतं, तीच ऊब आत सोडायची. या गाडीत ऊबसुद्धा बॅटरीतूनच काढावी लागते. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. कागदावर मात्र हीटर मी धरलाच नव्हता.

सांगायला लागलो तोवर फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना. आईचाही लागेना.

मी होस्टेलच्या जिन्यात तसाच बसलो. आमच्याकडे त्या दिवसांत अकरापर्यंत धुकं हलत नाही, आणि गाडी बंद म्हणजे हीटरही बंद. एवढंच डोक्यात फिरत होतं. रूममधला मित्र वरून आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. म्हणाला, "काय मामा, पेढे कधी देतोस गड्या?" मी एवढंच सांगितलं, गाडी घाटात बंद पडलीय, फोन लागत नाही. तो शेजारी बसला. पुढचे नंबर त्यानंच लावले.

दीड वाजता आईचा फोन आला. ती सावकाश बोलत होती, दमलेली. दुधाचा टेम्पो मिळाला, केबिनमधी गरम हुतं, ताईनं बाळ पदराखाली छातीशी धरून ठेवलं हुतं, असं तिनं सांगितलं. मी मध्येच विचारलं, बाळ कसं आहे?

"घरी पोचलोय. पितंय आता."