मेन पाडला तरी

फ्यूजताई हे नाव त्यांना कोणी चिकटवलं, ते त्यांनाही आठवत नव्हतं. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात कारखान्यात सोळा वर्षं गेली. मग कारखान्याला टाळं लागलं आणि ताई टेस्टर-पकडीची पिशवी खांद्याला लावून घरोघरची कामं करू लागल्या. सुरुवातीला दार उघडणारा माणूस त्यांच्या पाठीमागे डोकावून विचारायचा, "मिस्त्री कुठाय?"

"दारात उभी आहे. आत घेताय का?" ताई म्हणायच्या.

त्या सकाळी त्या मास्तरांकडे आल्या होत्या ते एका प्लगसाठी. वॉशिंग मशीन नवंकोरं, अजून खोक्यातच होतं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले; घरात ते आणि त्यांची बायको, जिला सगळे बाई म्हणत. घर साठेक वर्षांचं. वडील गेल्यावर दोघा भावांनी मधोमध भिंत घातली. पलीकडच्या अर्ध्यात धाकटा राहत होता. नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांशी शब्द काढला नव्हता.

"एक प्लग काढून द्या, बस," मास्तर म्हणाले. "बाकी वायरिंग ठणठणीत आहे. वडिलांनी करून घेतलंय."

ताईंनी बोर्ड उघडला. कापड गुंडाळलेल्या जुन्या वायरी. नुसतं बोट लागलं तरी भुगा पडत होता. अर्थिंगची तार कुठे जाते ते बघत त्या स्वयंपाकघरात आल्या. तार पाण्याच्या लोखंडी पाइपाला पट्टीने आवळलेली होती. पूर्वी असंच करत. पाइप जमिनीत गेलेला असायचा. कुठे करंट गळलाच तर त्या वाटेने मातीत उतरायचा. ताईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. भिंतीबाहेर हातभर लोखंड होतं, पुढे सगळं पांढरं प्लास्टिक; मातीची वाट तुटली होती.

"हा पाइप कधी बदलला?"

"दोन वर्षं झाली. सडला होता."

ताईंनी टेस्टर ओट्यावरच्या नळाला टेकवला. आतला बारका दिवा लाल झाला.

"मास्तर, या नळाला झिणझिण्या येतात का?"

"मी हात लावून पाहिला नाही कधी. ओट्याकडे माझं काय काम? हिला येतात. सकाळी सकाळी हातात मुंग्या येतात म्हणते. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्यात."

"बाई कुठायत?"

"आंघोळीला."

ताई धावतच बोर्डापाशी गेल्या आणि मेन पाडला. पंखा थांबला, फ्रीज मुका झाला. परत येऊन त्यांनी टेस्टर नळाला लावला.

दिवा लालच.

मेन पाडल्यावर या घरात वीज उरतेच कशी? मग ताईंचं लक्ष पाइपाकडे गेलं. ओट्याखालून निघालेला पाइप मधल्या भिंतीत घुसून पलीकडे गेला होता. भावांनी घर वाटून घेतलं होतं, पाइप एकच ठेवला होता. गळती तिकडे होती.

त्यांनी बाथरूमचं दार बडवलं. "बाई! नळाला हात लावू नका!"

आत पाणी धो धो पडत होतं. "आलेच, आलेच," बाईंचा आवाज आला. "उठतेच आता."

"तिचे गुडघे गेलेत," मागून मास्तर म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "पाइप धरल्याशिवाय तिला उठता येत नाही."

"बाई, उठू नका!" ताई कधी नव्हे एवढ्या मोठ्याने ओरडल्या. "पाइपात करंट आहे! कशावर बसलाय?"

आतून हळूच आलं, "प्लास्टिकच्या स्टुलावर."

"बसूनच राहा. दोन्ही हात मांडीवर ठेवा. नळ, बादली, पाइप, कशालाही शिवू नका. पाणी वाहू दे." ताई मास्तरांकडे वळल्या. "शेजारी जा. त्यांना मेन पाडायला सांगा."

मास्तर जागचे हलले नाहीत. "तुम्हीच जाता का? माझं तोंडही बघणार नाही तो."

"मी इथून हलले आणि बाई उठल्या तर?"

मास्तर गेले, अनवाणीच. ताई ओट्यापाशी येऊन एका हाताने टेस्टर नळाला धरून, बाथरूमच्या दाराकडे तोंड करून बाईंशी बोलत राहिल्या. मशीन कोणत्या रंगाचं आहे, गुडघ्यांना काय लावता, सुचेल ते. बाई म्हणाल्या, "थंडी वाजतेय हो." मग, "पाय थरथरतायत." ताई म्हणाल्या, "थरथरू द्या. हात तेवढे जाग्यावर ठेवा."

भिंतीपलीकडून आवाज आला. "आता कशाला आलास?"

मास्तर काय बोलले ते ऐकू आलं नाही. धाकट्याचा आवाज चढला, "माझ्या घरातली लाइट बंद करायला सांगणारा तू कोण?" आणि मग मास्तरांचा, कधीही न ऐकलेल्या पट्टीतला: "तुझी वहिनी मरेल रे!"

पलीकडे कोणीतरी धावलं. टेस्टरमधला दिवा विझला.

ताईंनी मीटर लावून पुन्हा पाहिलं, मग आपल्या हाताच्या मागच्या बाजूने नळाला शिवून पाहिलं. "बाई, आता उठा. सावकाश." कडी निघाली तेव्हा बाईंचे ओठ निळे पडले होते. ताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पंचा गुंडाळला, आणि मगच त्या शेजारी गेल्या.

दोष धाकट्याच्या गीझरमध्ये निघाला. आतली कॉइल फुटली होती. त्यांच्याकडे अजून तारेचा जुना फ्यूज होता, आणि तोही सारखा उडतो म्हणून कोणीतरी जाड तार बांधून ठेवलेली; त्यामुळे गळती होऊनही तो उडत नव्हता. "गीझर तर झकास चालतो," धाकटा पुटपुटला. ताईंनी गीझरच्या वायरी सोडवून हातात घेतल्या, तेव्हाच त्या तिथून निघाल्या.

प्लगचं काम तीन आठवड्यांवर गेलं. दोन्हीकडचं वायरिंग नवं झालं, अंगणात दोन वेगळे अर्थिंगचे खड्डे खणले, दोन्ही बोर्डांवर गळती होताच पडणारे स्विच बसले. मास्तर म्हणायचे, "त्याला सांगा, उद्या लाइट नाही." पलीकडून धाकटाही तसंच सांगायचा. चौथ्या दिवशी ताई वैतागल्या. "मी वायरी जोडते, निरोप नाही. तुमचं तुम्ही बोला." त्यानंतर भाऊ कुंपणापाशी उभे राहून बोलू लागले, वायरिंगपुरतंच, एकमेकांकडे न बघता.

शेवटच्या दिवशी ताईंनी मीटर घेऊन एकेक नळ तपासला. "धरा आता बिनधास्त," त्या बाईंना म्हणाल्या.

बाईंनी हात पुढे केला आणि नळापासून चार बोटांवर थांबवला. "उद्या धरते," त्या म्हणाल्या.

"उद्या धरा," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच नळ सोडून बादली भरून दिली.